जोडणार कुठे?

घरात कोणाच्या किडन्या निकामी झाल्याचे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: देणार कोण? आई पुढे येते, बायको पुढे येते, भाऊ घरी विचारून सांगतो म्हणतो. मग रक्तगट, मग तपासण्या, मग वावराचा तुकडा विकायचा की गहाण टाकायचा याचा खल. महिनोन्‌महिने चालणाऱ्या या बोलण्यात दुसरा एक प्रश्न सहसा कोणी काढत नाही. मिळालेली किडनी जोडणार कुठे?

बहुतेकांच्या बाबतीत तो न विचारल्याने काही बिघडत नाही. पोटाच्या खालच्या भागात, मांडीकडे जाणारी मोठी धमनी आणि मांडीकडून वर येणारी मोठी नीला शेजारी शेजारी असतात. शल्यविशारद नव्या किडनीच्या वाहिन्या तिथे शिवतो. पण काही माणसे जन्मतःच वेगळ्या रक्तवाहिन्या घेऊन येतात. कोणाची पोटातली मुख्य नीला उजवीकडे असायची ती डावीकडे असते, कोणाला एकाऐवजी दोन असतात, कोणाला तिचा खालचा भागच नसतो. कोणाची महाधमनी मधेच अरुंद असते. यातली कितीतरी माणसे ऐंशी वर्षे जगून जातात, वेगळेपणाचा पत्ताही न लागता. त्यांच्यापैकी एखाद्याच्या किडन्या बंद पडल्या, तरच या जन्मजात रचनेला महत्त्व येते, आणि ते एकदम येते. पुढच्या पानांचा विषय ही माणसे आणि त्यांच्यासाठी शोधलेल्या वाटा.

लिहिताना डोळ्यांसमोर वाचक ठेवला तो शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा. गावात असा रुग्ण आहे म्हणून नव्हे. असा रुग्ण कुठेही निघू शकतो, आणि निघाला तर त्याची वाट कशी असेल हे या गावावरून नीट दिसते. घोड खोऱ्यातले, उसाचे, कांद्याचे, डाळिंबाचे हे गाव. साध्या दुखण्याला जवळचा दवाखाना, त्यापुढे शिरूर नाहीतर मंचर, आणि किडनीचा मोठा निर्णय पुण्यात, म्हणजे शिक्रापूर-वाघोलीची कोंडी पार केल्यावर. इतक्या अंतरावरच्या माणसाच्या दुखण्याची माहिती वाटेवर सांडत जाते. एक सोनोग्राफी या गावात, दुसरी त्या गावात, डायलिसिस तिसरीकडे, आणि सगळ्यांत जुना रिपोर्ट घरात कपड्यांखाली. जन्मजात वेगळेपणाचा सुगावा पुष्कळदा अशाच एखाद्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत असतो. त्या वेळी तिच्यावाचून काही अडले नव्हते, म्हणून ती कोणी वाचलेली नसते.

किडनी पोटात खाली, जांघेच्या वर बसवतात याचे गावात अजूनही नवल वाटते. मूळ किडन्या पाठीकडे, बरगड्यांच्या आडोशाला असतात आणि त्या बहुधा काढतही नाहीत. नव्या किडनीला खालची जागा दिली ती पॅरिसच्या शल्यविशारदांनी. १९५१ मध्ये रने क्युस आणि त्यांच्या समकालीनांनी पोटाच्या आतल्या पिशवीत न शिरता, तिच्या मागून जाऊन ही जागा गाठण्याची पद्धत वापरली. वाहिन्या हाताशी, मूत्राशय जवळ, त्यामुळे मूत्रवाहिनी आखूड चालते. त्या वेळच्या किडन्या टिकल्या नाहीत, कारण परके इंद्रिय नाकारण्याच्या शरीराच्या वृत्तीवर औषध नव्हते. जागा मात्र टिकली. आज पुण्यात होणारे प्रत्यारोपणही बहुधा त्याच जागी होते.

वाहिन्या शिवण्याची विद्या त्याहून जुनी. १८९४ मध्ये लियाँ शहरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना सुरा भोसकला गेला. यकृताकडे जाणारी मोठी नीला फाटली होती आणि ती शिवणे तेव्हाच्या शल्यविशारदांना जमण्यासारखे नव्हते. अलेक्सिस कारेल तेव्हा त्याच शहरात शिकत होते. फाटलेली वाहिनी शिवता आलीच पाहिजे या ईर्ष्येने त्यांनी भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुई आणि रेशीम वापरण्याचे धडे घेतले, १९०२ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रत्यारोपणाच्या इतिहासात औषधांचे कौतुक फार होते, सुईचे कमी. या पुस्तकात सुईला तिचा मान मिळेल, कारण इथले रुग्ण औषधाआधी सुईवर अवलंबून असतात.

घोड खोऱ्यातल्या शेतकऱ्याला किडनी जोडण्यातली मेख समजावून सांगावी लागणार नाही. चारीने पाणी आले म्हणजे वावर पिकले असे नसते; निचऱ्याचा चर बुजला तर तेच पाणी पीक पिवळे पाडते आणि पुढे जमीन चोपण करते. किडनीच्या बाबतीत सगळ्यांचे लक्ष रक्त आणणाऱ्या धमनीकडे जाते, पण घात होतो तो बरेचदा रक्त नेणाऱ्या नीलेकडून. एका निरोगी किडनीतून मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त वाहते. ते बाहेर पडायला मोकळी वाट मिळाली नाही तर किडनी फुगते, आतला दाब वाढतो, नीलेत गुठळी होते आणि काही तासांत इंद्रिय हातचे जाते. असे घडायचे तर ते बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत घडते.

म्हणून आधी नीलेचे पाहू. पोटातल्या मुख्य नीलेला मराठीत अधोमहानीला म्हणतात; डॉक्टर मंडळी आयव्हीसी म्हणतात आणि रिपोर्टवरही तेच लिहिलेले असते. कमरेखालचे सगळे रक्त ती हृदयाकडे नेते. गर्भ सहा ते आठ आठवड्यांचा असताना तिची घडण होते, आणि ती सरळ नसते. नीलांच्या तीन जोड्या एकामागून एक तयार होतात, एकमेकींना जोडल्या जातात, बऱ्याचशा विरून जातात, आणि उरलेल्या तुकड्यांची मिळून शेवटी उजव्या बाजूची एक नीला बनते. विरायचे ते विरले नाही तर दोन नीला राहतात. उजवीऐवजी डावी उरली तर नीला डावीकडे येते. मधला सांधा जुळला नाही तर वरचा भाग तुटक राहतो आणि रक्त पाठीच्या कण्याशेजारच्या अझायगस नावाच्या नीलेतून छातीत चढते. इंग्लंडच्या जॉन अ‍ॅबरनेथी यांनी अशा तुटक नीलेचे वर्णन १७९३ मध्येच केले होते, दहा महिन्यांच्या मुलाच्या शवविच्छेदनावरून. दोन नीला असणारे लोक शंभरात एखाद-दुसरे, डावी नीला असणारे त्याहून कमी. खालचा भाग पूर्ण नसणे हे फारच विरळ.

ऐकायला भयंकर वाटणाऱ्या या यादीतले बरेचसे प्रत्यारोपणाच्या आड येत नाही. रक्त कण्याशेजारून वळसा घालून जात असेल पण जांघेतली आणि तिच्या वरची नीला रुंद, मोकळी असेल, तर किडनी नेहमीच्याच जागी बसते. नीला डावीकडे असेल तर जागेची निवड बदलते, निर्णय बदलत नाही. वाट वाकडी आहे की सरळ यापेक्षा ती वाहती आहे का, आणि आणखी अर्धा लिटर सोसेल का, हा विचार मोठा. खरी पंचाईत होते ती खालचा भाग नसलेल्यांची. त्यांच्या पायांचे रक्त बारीक बारीक आडवाटांनी वर जाते. त्यांना तरुणपणीच दोन्ही पायांत गुठळ्या होऊ शकतात, पोटावर फुगीर शिरा दिसू शकतात. काहींना काहीच होत नाही. अशा आडवाटेवर किडनीचा प्रवाह सोडायचा तर ती पुरेशी रुंद हवी.

इथे शल्यविशारदांची कल्पकता दिसते, आणि या विषयात मला सर्वांत रमवणारा भाग हाच आहे. कोणी फुगलेल्या आडवाटेलाच किडनीची नीला जोडली. कोणी रुग्णाच्या स्वतःच्या डाव्या किडनीची नीला वापरली. जुनी किडनी निकामी असली तरी तिचा निचरा शाबूत असतो. कोणी आतड्यांकडून किंवा प्लीहेकडून यकृताकडे जाणाऱ्या नीलांना जोड दिला, म्हणजे किडनीचे रक्त आधी यकृतातून फिरून मग हृदयाकडे जाते, आणि किडनीला त्याचे वावडे नसते. बार्सिलोनाच्या जिल-व्हर्ने यांनी १९७८ पासून आणखी एक मार्ग रुळवला: डावी जुनी किडनी काढून नवी तिच्याच जागी बसवायची आणि धमनीसाठी प्लीहेची धमनी घ्यायची. खालच्या वाहिन्या वापरण्याजोग्या नसतील तिथे ही वाट उपयोगी पडते. चीर मोठी, वेळ जास्त, हात सराईत हवा. पण ‘जागाच नाही’ हे उत्तर तिने बऱ्याच ठिकाणी मागे घ्यायला लावले.

धमन्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे वेगळेपणा बहुधा देणाऱ्याच्या बाजूने येतो. गर्भात किडन्या आधी खाली, ओटीपोटात तयार होतात आणि वर सरकत आपल्या जागी जातात. सरकताना त्या खालच्या धमन्या सोडतात, वरच्या घेतात. एखादी जुनी धमनी सुटायची राहते आणि किडनीला दोन, कधी तीन धमन्या होतात. साधारण दर चौथ्या माणसात निदान एका बाजूला असे आढळते, म्हणजे याला विकृती म्हणावे की नाही असाच प्रश्न पडावा. प्रश्न सुटतो तो कात्रीपाशी. किडनीची प्रत्येक धमनी आपापला हिस्सा पोसते, शेजारणीला मदत करत नाही. एक बांधून टाकली तर तेवढा तुकडा मरतो. खालच्या टोकाची बारीक धमनी तर मूत्रवाहिनीलाही रक्त पुरवते. ती गेली तर आठवड्या-दोन आठवड्यांनी मूत्रवाहिनी झडून लघवी पोटात झिरपू लागते. म्हणून शस्त्रक्रियेच्या खोलीत बाजूच्या टेबलावर, बर्फात ठेवलेल्या किडनीच्या दोन धमन्या आधी एकमेकींना शिवून त्यांचे एक तोंड करतात, किंवा बारीक धमनीसाठी रुग्णाच्या पोटाच्या भिंतीतली धमनी वळवून आणतात.

देणाऱ्याची डावी किडनी घेण्याकडे शल्यविशारदांचा कल असतो, कारण तिची नीला लांब असते आणि शिवायला हात मोकळा राहतो. पण देणाऱ्याची अधोमहानीला डावीकडे असेल तर हिशेब उलटतो आणि उजवीच सोयीची होते. शंभरात दोन-तीन जणांत डाव्या किडनीची नीला महाधमनीच्या पुढून न जाता मागून जाते. हे माहीत नसता हात घातला तर रक्तस्रावाचा धोका. म्हणून देणाऱ्याचा सीटी अँजिओग्राम हा आता नेहमीचा भाग झाला आहे. घेणाऱ्याच्या वाहिन्या मात्र अनेकदा नुसत्या डॉप्लर सोनोग्राफीवर भागवल्या जातात, आणि पायावर सूज, जुनी गुठळी, पोटावर शिरा असे काही दिसत नसेल तर ते चालतेही. यातले काही असेल तर पुढची तपासणी मागितलीच पाहिजे. डायलिसिसवरच्या माणसाला सीटीसाठी टोचायच्या रंगद्रव्याची भीती घातली जाते. तिच्यात तथ्य आहे, पण त्या भीतीपोटी नकाशाविना पोट उघडणे शहाणपणाचे नाही.

नकाशाविना पोट उघडल्याची एक घटना या शास्त्राच्या उगमाशीच आहे. १९५२ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये सुतारकाम करणारा सोळा वर्षांचा मारियस रेनार उंचावरून पडला. उजवी किडनी फाटली, रक्त थांबेना, म्हणून ती काढली. नंतर लघवीच होईना तेव्हा कळले की मुलगा एकच किडनी घेऊन जन्मला होता आणि तीच काढली गेली होती. आईने आपली किडनी देऊ केली. नेकर रुग्णालयात ज्याँ हॅम्बर्गर यांच्या पथकाने नाताळच्या रात्री ती बसवली. हयात नातेवाइकाकडून झालेल्या पहिल्या प्रत्यारोपणांत या शस्त्रक्रियेची गणना होते. किडनी चालली, सुमारे तीन आठवडे. मग शरीराने ती नाकारली आणि मुलगा गेला. फाटलेल्या किडनीसाठी पोट उघडणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, सीटी नव्हता, आणि रक्त वाहत होते. दोनच वर्षांनी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी भावाला बसवली आणि ती टिकली, तेव्हापासून इतिहास यशाच्या बाजूने सांगितला जातो. मला रेनारची गोष्ट या विषयाला जास्त जवळची वाटते. सोळा वर्षे ज्या वेगळेपणाने त्याला काही त्रास दिला नाही, तेच एका दिवशी जिवावर उठले.

लहान मुलांच्या बाबतीत हा विषय अधिक टोकदार होतो. मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषामुळे किडन्या गेलेल्या दहा-बारा किलोच्या मुलाला आई-बापाची मोठी किडनी बसवायची तर जांघेवरच्या इवल्या वाहिन्या पुरत नाहीत; थेट महाधमनीला आणि अधोमहानीलेला जोडावे लागते. मोठ्या माणसात जी नीला फक्त पुढची वाट असते, ती मुलात स्वतः जोडणीची जागा बनते. ती अरुंद निघाली किंवा नवजात असताना नळी घातल्याने बुजलेली निघाली, तर बेत मुळापासून बदलावा लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून २०१३ पासून अंगणवाड्या-शाळांत मुलांची तपासणी होते. ती जन्मजात दोष हेरण्यासाठीच आहे, पण पोटातल्या नीला तिला दिसणार नाहीत. एका पायाची जाडी-लांबी वेगळी, त्यावर तांबूस-जांभळा डाग आणि लहानपणीच फुगलेल्या शिरा दिसल्या तर मात्र थांबून पाहावे. १९०० मध्ये क्लिपेल आणि त्रेनोने यांनी वर्णन केलेल्या या रोगात त्या बाजूच्या खोल नीलाही सदोष असू शकतात, आणि पुढे कधी प्रत्यारोपणाची वेळ आलीच तर दुसरी बाजू निवडावी लागते.

महाधमनी पोटात अरुंद असण्याच्या प्रकाराबद्दल एक सावधगिरी. हा दोष जन्मजात असतो तसा नंतर जडलेलाही असतो, आणि आपल्याकडे तरुण मुलींत तो बरेचदा ताकायासू नावाच्या धमनीदाहातून येतो. लक्षणे सारखी: कोवळ्या वयात रक्तदाब, पायांतली नाडी मंद, किडन्यांना रक्त कमी. दाह चालू असताना नवी किडनी जोडली तर तिचीही धमनी आक्रसू शकते, म्हणून आधी रोग शांत करावा लागतो. काही वेळा किडनी अजून जिवंत असते, फक्त तिची धमनी गेलेली असते; तेव्हा रुग्णाची स्वतःचीच किडनी काढून खाली जांघेपाशी नव्याने जोडतात. अमेरिकेतल्या मिसिसिपीमध्ये जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये मूत्रवाहिनीच्या इजेसाठी हा मार्ग प्रथम वापरला. धमनीच्या रोगासाठी तो पुढे आला. दाता शोधावा लागत नाही, आयुष्यभराच्या प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या लागत नाहीत. हा पर्याय कानावर पडलेलीच माणसे आपल्याकडे कमी.

जन्मजात दोष एकीकडे. त्याच्यासारखाच अडथळा आपण हाताने तयार करतो, हे सांगायला हवे. तालुक्याचा रुग्ण बहुतेकदा उशिरा पोचतो, धाप लागलेली असते, आणि तातडीच्या डायलिसिससाठी जांघेतल्या नीलेत नळी घालतात. जीव वाचतो. मग फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी नीलेला जोडून केलेली वाट, करायचा राहतो, नळी महिनोन्‌महिने तिथेच राहते किंवा पुन्हा पुन्हा घालतात, आणि पुढे किडनी जोडायची तीच नीला आतून खरबडीत होऊन बुजते. मनगटावरच्या फिस्टुलाची पद्धत १९६६ पासून जगाला माहीत आहे. ज्याच्या नीला जन्मतःच मोजक्या आहेत त्याच्या बाबतीत तर प्रत्येक नळीला किंमत आहे. छातीतली नळी एक्स-रेवर भलतीकडे गेलेली दिसली, तर कधी कधी त्याचेही कारण जन्मजात असते: हजारात तीन ते पाच जणांत डाव्या बाजूची वरची महानीला उरलेली असते.

महाराष्ट्रात हे सारे कुठवर आले? देशातला मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये झाला. तो रुग्ण वाचला नाही. हयात दात्याकडून टिकणारे प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झाले. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि १९९७ मध्ये मुंबईत शीवच्या रुग्णालयात मेंदूमृत दात्याची किडनी बसवली गेली. त्या कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडेही जवळच्या नातलगांत आली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. हे चांगलेच झाले. पण ठरावीक रकमेचे पॅकेज नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या मापाने बेतलेले असते. दोन धमन्या टेबलावर शिवायच्या, जास्तीचा सीटी काढायचा, रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाला सोबत बोलवायचे, नंतर रक्त पातळ ठेवायचे, यातले काहीही त्या मापात सहज बसत नाही. वेगळ्या वाहिन्यांच्या रुग्णाला ‘इथे होणार नाही’ असे सांगितले जाते तेव्हा त्यामागे कधी शास्त्र असते, कधी सराव नसणे, आणि कधी हा हिशेब. तिन्ही कारणे आपापल्या जागी खरी आहेत. नातेवाइकांना त्यातले कोणते लागू आहे हे विचारण्याचा हक्क आहे, कारण त्यावरच दुसऱ्या रुग्णालयात जायचे की नाही हे ठरते.

शेवटी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचक पाने चाळून वैतागणार नाही. या पुस्तकात यशाच्या टक्केवारीचा तक्ता नाही. खालची महानीला नसलेल्या रुग्णांतली प्रत्यारोपणे जगभरातल्या नियतकालिकांत एकेक-दोनदोन करून छापून आली आहेत, आणि छापून येते ते बहुधा जमलेले. फसलेला प्रयत्न लिहून पाठवायला हात उचलत नाही. त्यामुळे त्या लेखांची बेरीज करून शंभरात इतके म्हणणे ही फसवणूक ठरेल. त्याऐवजी प्रत्येक प्रकारात किडनी कुठे जोडली, का जोडली, नीलेचा दाब कसा मोजला आणि पहिल्या पंधरवड्यात काय काय पाहिले, एवढे क्रमाने दिले आहे. पहिले प्रकरण रिपोर्ट कसा वाचावा याचे आहे. घरातली जुनी फाइल शेजारी घेऊन बसलात तर ते जास्त उपयोगी पडेल.